चार डॅक, एक तंबोरा आणि टाळ: ऐकण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी सरली, पाहुणे गेले, बैठकीची खोली पुन्हा मोकळी झाली. आजपासून कामाला सुरुवात.

प्रश्न असा की महागड्या डॅकना (डिजिटल फाइलमधल्या आकड्यांचा, म्हणजे नमुन्यांचा, पुन्हा आवाजाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या यंत्रांना) स्वतःचा आवाज असतो का, आणि असलाच तर तो यंत्राच्या कोणत्या भागातून येतो. आमच्या मित्रमंडळात याची उत्तरं तयार आहेत. एकेएम आणि ईएसएस या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या: एकेएमची चिप मखमली, ईएसएसची टोकदार. लॅडर (रेझिस्टरांच्या शिडीचा) डॅक गोड, डेल्टा-सिग्मा (बहुतेक चिपमध्ये असलेली रचना) कोरडा. दुकानदार हेच सांगतात, आणि लोक याच विशेषणांवर काही लाखांची खरेदी करतात. मला हे कान आणि मीटर दोन्ही लावून तपासायचंय. माझा अंदाज आधीच लिहून ठेवतो: फरक असेल, पण चिपच्या नावात नसेल.

यंत्रं सगळी मित्रांची. महिना-दोन महिने माझ्याकडे राहतील.

डीसीएस बार्टोक इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. त्यात ‘रिंग डॅक’ आहे. सारखाच विद्युतप्रवाह देणारे अनेक स्रोत घ्यायचे आणि कोणत्या क्षणी त्यातले कोणते चालू करायचे हे सतत अदलाबदल करत राहायचं. कोणताही स्रोत अगदी अचूक नसतो. पालखीला खांदा देणारे सारखे बदलत राहिले की कोणा एकाच्या उंचीमुळे पालखी एकाच बाजूला कलत नाही, तसं इथे चूक एका जागी साचत नाही. आवाजाची विकृती होण्याऐवजी ती अगदी बारीक खरखर होऊन पसरते.

होलो ऑडिओ मे हा चिनी बनावटीचा आर-टू-आर लॅडर. सुट्या रेझिस्टरांची शिडी, प्रत्येक बिटाला आधीच्याच्या निम्मं वजन. कागदावर ही सर्वांत सरळ रचना, पण १६ बिटांसाठी वरच्या बिटाची चूक खालच्या बिटाच्या आत राहायची तर अचूकता सुमारे ०.००१५ टक्का लागते. ०.०१ टक्क्याचे उत्तम रेझिस्टरही तिथे पुरत नाहीत, म्हणून शिडीला जोडून दुरुस्तीची वेगळी व्यवस्था असते. या यंत्रात ओव्हरसॅम्पलिंग (दोन नमुन्यांच्या मधले नमुने गणिताने काढणं) पूर्ण बंद ठेवायचाही मोड आहे. आमच्याकडे त्याला ‘नॉस’ (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) म्हणतात. या प्रकल्पाचा बराच वेळ त्याच मोडमध्ये जाईल असं दिसतंय.

कॉर्ड डेव्ह केंटमधल्या मेडस्टोनचा, २०१५ चा, रॉब वॉट्स यांची रचना. बाजारातली तयार डॅक चिप यात नाहीच. सगळं काम एफपीजीएमध्ये (हवी तशी प्रोग्रॅम करता येणारी चिप), आणि नमुन्यांतून लहर परत काढणारा फिल्टर १,६४,००० टॅपचा. टॅप म्हणजे एका वेळी हिशोबात घेतला जाणारा नमुना. नमुन्यांमधली मूळ लहर तंतोतंत परत मिळवायला तत्त्वतः अनंत लांबीचा फिल्टर लागतो. फिल्टर जितका लांब तितके तबल्याच्या थापेसारखे आघात वेळेवर येतात, असं वॉट्स यांचं म्हणणं.

चौथी जागा आरएमई या जर्मन कंपनीच्या एडीआय-२ डॅकची, आणि हे नग दोन आहेत. एकात एकेएमची एके४४९३ चिप, दुसऱ्यात ईएसएसची ईएस९०२८क्यू२एम. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, जगभर त्यांच्या चिपचा तुटवडा पडला आणि अनेक कंपन्यांना ईएसएसकडे वळावं लागलं. आरएमईने तेच केलं. त्यामुळे घडवणारी कंपनी एक, मॉडेल एक आणि फक्त चिपचं घराणं वेगळं, अशी जोडी हाताशी आली. मखमली विरुद्ध टोकदार या वादाला याहून चांगली परीक्षा मला सुचत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

स्विच बॉक्सचं सामान बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीतून आणलं. छोटे सिग्नल रिले (विजेवर चालणारे स्विच), आवाजाच्या तारा जोडायचे आरसीए सॉकेट, अॅल्युमिनियमची पेटी, एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड).

बॉक्सचं काम असं: दोन यंत्रांना अ आणि ब म्हणायचं. प्रत्येक फेरीत आर्डुइनो त्यातलं एक निवडून त्याला ‘क्ष’ ठरवतो. ऐकणाऱ्याने अ, ब, क्ष हवे तितके वेळा ऐकावेत आणि क्ष म्हणजे कोण ते सांगावं. १६ फेऱ्यांचा एक डाव. नुसत्या नशिबावर १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून थोडी कमी, म्हणून १२ ही आमची वेस. उत्तरं आर्डुइनोच नोंदवतो, खोलीत कोणालाच आधी माहीत नसतं.

रिलेंचा आवाज होतो. अ कडे जाताना एक रिले वाजला आणि ब कडे जाताना दोन, तर कान यंत्र नाही, रिले ओळखेल. म्हणून कोणतंही बटण दाबलं तरी आधी सगळे रिले सुटतात, मग एक सेकंद शांतता, मग त्याच संख्येने रिले बसतात. क्लिक दर वेळी तेच.

ती सेकंदभराची शांतता आणखी एका कारणासाठी. लांब फिल्टरला पुढचे नमुने आल्याशिवाय उत्तर देता येत नाही, त्यामुळे डेव्हमधून आवाज इतरांपेक्षा चांगलाच मागून येतो. वाजत्या गाण्यात अदलाबदल केली तर ताल उडी मारतो आणि डेव्ह लगेच ओळखू येतो. आता प्रत्येक बटणाला तुकडा पहिल्यापासून वाजेल. तुकडे आठ-दहा सेकंदांचेच ठेवायचे. सूक्ष्म फरकाची आठवण कानात फार वेळ टिकत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

चाचणीसाठी ऐकायचं काय, यावर गटात बरीच चर्चा झाली. परदेशी परीक्षणांत येणारे जॅझचे तेच ते ट्रॅक मला नको होते. जो आवाज आपण जवळ बसून, यंत्राशिवाय, हजारदा ऐकला आहे तोच कान पारखून घेतात. म्हणून स्वतःच रेकॉर्डिंग केलं.

पहिला तंबोरा. माझ्या मावसबहिणीचा, मिरजेचा. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळालं, फार आधी मिळायला हवं होतं.) तिने काळी एकमध्ये लावला: जोडाच्या तारा १३८.६ हर्ट्झ, खरज ६९.३. घोडी रुंद आणि किंचित उतरती, तिच्यावर तार टेकते तिथे खाली सुती दोरा. ताई तो दोरा नखाने केसभर पुढे सरकवते, तार छेडते, परत केसभर मागे घेते. एका जागी येताच तार उघडते आणि सुरावर स्वरांचा थवा उठतो. ती जागा सापडेपर्यंत तिने आम्हाला माइकला हातसुद्धा लावू दिला नाही.

या आवाजामागचं शास्त्र सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच हाताळलं होतं. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ सुराच्या पटीतल्या सुराचा) स्थिर बिंदू येतो, तो हार्मोनिक उमटायला नको. तंबोऱ्यात आणि वीणेत तोही उमटतो, हे रामन यांनी दाखवलं. कारण ती घोडी. आमच्या रेकॉर्डिंगच्या आलेखावर हार्मोनिकांच्या रेघा एकीला एक लागून वर चढत जातात. जोडाचा ७२ वा हार्मोनिक जवळजवळ १० किलोहर्ट्झवर पडतो आणि त्या भागापर्यंत रेघा मोजता येतात. विकृतीचा एखादा परका स्वर यात मिसळला तर लपायला जागा नाही असं वाटतं, पण उलटंही होऊ शकतं: इतक्या गर्दीत तो झाकलाही जाईल. बघू.

दुसरा टाळ. शेजारचे आजोबा दर वर्षी वारीला जातात, त्यांचा पितळी जोड. एक उघडा ठोका, एक दाबलेला, मग ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या चालीवर थोडा वेळ. टाळाची ऊर्जा थेट २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जाते. वरच्या सुरांची पट्टी तपासायला याहून चोख साधन घरात नाही.

दोन्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये (सेकंदाला ९६,००० नमुने) घेतले, मग चांगल्या सॉफ्टवेअरने सीडीच्या ४४.१ वर उतरवले. नॉसची खरी परीक्षा ४४.१ वरच होते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आलो. सुट्टी असल्याने दिवसभर पातळी जुळवण्याचं काम.

डॅकच्या तुलनांमध्ये निम्मा गोंधळ इथेच होतो. आरसीएवर एका यंत्राचं आउटपुट २.० व्होल्ट, दुसऱ्याचं २.९. म्हणजे ३.२ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक. इतका फरक ‘मोठा आवाज’ म्हणून ओळखू येतो. खरी अडचण अर्ध्या-पाऊण डीबीची. तो मोठा वाटतच नाही, तो ‘खुला’, ‘भरदार’, ‘जिवंत’ वाटतो. आवाज कमी झाला की खर्जाची जाणीव इतर पट्टीपेक्षा जास्त घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं आहे. त्यामुळे किंचित हळू वाजणारं यंत्र पातळ भासतं आणि दोष यंत्रावर जातो.

आमची मर्यादा ०.१ डीबी. २ व्होल्टवर हा फरक फक्त २३ मिलीव्होल्टचा आहे. डेव्हचा व्हॉल्यूम १ डीबीच्या पायऱ्यांनी चालतो, तो इथे उपयोगाचा नाही. म्हणून सगळी यंत्रं ठरलेल्या पातळीवर ठेवली आणि बारीक जुळणी प्लेअरमध्ये केली. १ किलोहर्ट्झचा सूर, हेडफोन अँप्लिफायरच्या आउटपुटला मीटर, डावी-उजवी दोन्ही बाजू. सगळ्यांत हळू यंत्राच्या पातळीवर बाकीचे आणले. प्लेअरमध्ये काही ठिकाणी ४ डीबीच्या आसपास खाली यावं लागलं.

सगळी यूएसबीवर जोडली तेव्हा एका जोडीत ५० हर्ट्झची गुणगुण येत होती. यंत्रांच्या अर्थिंगच्या तारांचं वर्तुळ झालं होतं. एका ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या, विजेची तार नसलेल्या) आउटपुटचे फाटे करून सगळ्यांना ऑप्टिकलवर घेतलं, गुणगुण गेली. आता स्रोतही सगळ्यांना अगदी एकच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विधानसभेचे निकाल. सकाळी दहापासून ढोल, फटाके, गुलाल. उघड्या पाठीच्या हेडफोनवर ऐकणं अशक्य, तेव्हा दिवस मोजमापाला दिला.

जिटर (नमुने अगदी वेळेवर न पडण्याची सूक्ष्म थरथर): ऑडिओ अभियंते ज्युलियन डन यांच्या चाचणीचा सिग्नल, ११,०२५ हर्ट्झचा सूर आणि शेवटच्या बिटात सुमारे २३० हर्ट्झची चौकोनी लहर. ऑप्टिकल असूनही कानाला लागेल असं आजूबाजूला काही उगवलेलं दिसलं नाही. पुढे जिटरचा विचार करायची गरज नाही.

१६ बिटांत −९०.३१ डीबीचा, म्हणजे शेवटच्या बिटाएवढा हळू सूर: तीनच पायऱ्या, वर, शून्य, खाली. सगळ्यांनी काढल्या. लॅडरच्या शिडीचीही शून्याजवळ अडखळ दिसली नाही.

मग पट्टी, म्हणजे खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत पातळी सारखी राहते का. बार्टोक, डेव्ह आणि दोन्ही आरएमई तीक्ष्ण फिल्टरवर २० किलोहर्ट्झपर्यंत सपाट. मे नॉस मोडमध्ये मात्र उतरतो: १० किलोहर्ट्झवर ०.७५ डीबी, १५ वर १.७, २० वर ३.२. हा बिघाड नाही, गणित आहे. ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर डॅक एक नमुना घेऊन पुढचा येईपर्यंत तीच पातळी धरून ठेवतो. या पायऱ्यांच्या आकारामुळेच वरची पट्टी ठरलेल्या वक्राने झुकते. ४४.१ वर चालणारा, पुढे भरपाई न केलेला कोणताही नॉस डॅक घ्या, वक्र हाच निघतो.

आणखी एक गोष्ट. नॉसमध्ये १० किलोहर्ट्झचा सूर वाजवला की ३४.१ किलोहर्ट्झवर त्याची प्रतिमा दिसते, फक्त १०.७ डीबी खाली. कानाला ती ऐकू येत नाही, पण पुढच्या अँप्लिफायरला ती पेलावी लागते. एखादा अँप्लिफायर तिथे अडखळला तर त्याची भेसळ ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरू शकते. आमच्या अँप्लिफायरमध्ये तसं काही मोजता आलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

पहिली बैठक, उघड्या डोळ्यांनी. मुद्दाम. चाचणीआधी प्रत्येकाचं मत कागदावर हवं होतं.

ऐकणारे पाच: मी, अभियांत्रिकीला असलेली भाची, कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्र, मेचे मालक आणि डेव्हचे मालक. डॉक्टरांनी आधी सगळ्यांची श्रवणचाचणी घेतली, नंतर वरच्या पट्टीचे सूर वाजवून हद्द पाहिली. माझी हद्द १४ किलोहर्ट्झच्या जरा खाली, भाचीची १७ च्या वर.

कागदावर आलेली मतं: मे (नॉस) गोल, दाट, ‘बसून ऐकावासा’. डेव्ह चपळ, आघात स्वच्छ. बार्टोक मोकळा, खोलीचा अंदाज देणारा. एकेएमचा आरएमई मऊ, ईएसएसचा जरा कडक. पाचांचीही मतं एकमेकांशी बरीच जुळली. असं जुळलं की माणसाला वाटतं आता पुराव्याची गरज काय. पण पाचही जण गेली कित्येक वर्षं तीच परीक्षणं वाचत आले आहेत आणि पाचांच्याही डोळ्यांसमोर यंत्रांची नावं होती.

८ डिसेंबर, रविवार

आरएमई विरुद्ध आरएमई. दोन्हींत तीक्ष्ण लिनिअर-फेज (सगळ्या सुरांना सारखाच उशीर करणारा) फिल्टर, पातळी ०.०५ डीबीच्या आत. सकाळी सहाला बसलो, रस्ता जागा व्हायच्या आत.

मला ८. डॉक्टरांना ७. डेव्हच्या मालकांना ९. मेच्या मालकांना ८. भाचीला १०. १६ पैकी. कोणीही वेशीजवळ नाही.

मग तंबोऱ्याऐवजी टाळ, मग एका गायिकेच्या मैफलीचा तुकडा, प्रत्येकाने स्वतः निवडलेला. आकडे तसेच. डेव्हच्या मालकांनी हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, “गेल्या रविवारी मला यातला एक कडक लागत होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं.” त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर वाटला. गेल्या रविवारचा अनुभव खोटा नव्हता. तो कानातून आलेला नव्हता, एवढंच.

कंपनी तीच ठेवून चिप बदलली आणि कोणालाच कळलं नाही. चिपच्या घराण्यांवरचा वाद माझ्यापुरता इथे मिटला. मखमलीपणा असलाच तर तो चिपच्या आसपास कोणी तरी घडवलेला असतो: फिल्टर, आउटपुटचं सर्किट, वीजपुरवठा, मुद्दाम राखलेला थोडा दुसरा हार्मोनिक. मोठ्या रकमेच्या यंत्रांत ही निवड करणारा अभियंता असतो, चिपचा निर्माता नव्हे.

१४ डिसेंबर, शनिवार

डेव्ह विरुद्ध बार्टोक. या जोडीकडून माझी मोठी अपेक्षा होती. एकीकडे १,६४,००० टॅप, दुसरीकडे रिंग, दोन्हीमागे आयुष्यभराचा अभ्यास. तबल्याचे तुकडे घेतले, ‘ना’ आणि ‘तिट’, कारण वेळेच्या अचूकतेचा दावा तिथेच कसाला लागतो.

कोणीही १० च्या वर गेलं नाही.

यावरून डेव्हमधलं काम व्यर्थ ठरत नाही. तीक्ष्ण फिल्टरमुळे आघाताच्या आगेमागे जी थरथर दिसते, ती २२ किलोहर्ट्झच्या आसपासची असते. माझा कान १४ ला थांबतो आणि सीडीच्या फाइलमध्ये २२ च्या वर काही नसतं. फिल्टर लांब केल्याने तिथली अचूकता खरंच वाढते, मीटरवर दिसते. ती ऐकू येण्याच्या पट्टीत उतरते का, याला आमच्या डावांत होकार मिळाला नाही. जास्त दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच सीडीच्या दर्जाची पायरी घातली तर ती ऐकू येते का यावर मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली होती, म्हणजे नाणेफेकच. आमचे आकडे त्याच वळणाचे.

मेचा ओव्हरसॅम्पलिंग मोड विरुद्ध आरएमई: मेच्या मालकांना ११ मिळाले. १६ पैकी ११ किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता साडेदहा टक्के, म्हणजे निकाल दुर्लक्ष करावा इतका किरकोळही नाही आणि मान्य करावा इतका पक्काही नाही. त्यांनी चहा घेऊन पुन्हा डाव मांडला, ७ आले.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी बातमी आली, झाकीरभाई गेले. संध्याकाळचा डाव रद्द. डेव्हवर त्यांची एक जुनी जुगलबंदी लावली आणि कोणीही यंत्राबद्दल बोललं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

सवाई सुरू आहे, संध्याकाळी सगळे तिकडे. म्हणून डाव पहाटे.

मे नॉसमध्ये, समोर एकेएमचा आरएमई. पहिला तुकडा टाळाचा. भाचीला १६ पैकी १६. मेच्या मालकांना १५, मला १४, डॉक्टरांना आणि डेव्हच्या मालकांना प्रत्येकी १३. दुसऱ्याच फेरीत भाची म्हणाली, “मामा, एक टाळ देवळात आहे आणि दुसरा देवळाबाहेर ओसरीवर ऐकल्यासारखा येतोय.” नेमकं निरीक्षण. लांबून येणाऱ्या आवाजाची वरची पट्टी हवेत आणि भिंतींत आधी विरते, म्हणून उतरती पट्टी कानाला अंतरासारखी वाटते.

तंबोऱ्यावर मात्र फक्त भाची १२ वर पोहोचली, बाकी सगळे १० च्या आत. १७ नोव्हेंबरला लिहिलेल्या शंकेचं उत्तर मिळालं: तंबोऱ्याची बहुतेक ऊर्जा जिथे आहे तिथे नॉसचा उतार काही शतांश डीबीचा, आणि वर जे आहे ते गर्दीत झाकलं जातं. रियाजाला साथ देणाऱ्या वाद्याचा हा मोठेपणाच, पण डॅक पारखायला टाळच हवा.

आता मुख्य प्रयोग. नॉसच्या उताराचा तोच वक्र कन्व्होल्व्हरमध्ये (आवाजाला हवा तो वक्र देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवला आणि आरएमईच्या फाइलवर चढवला: ५ किलोहर्ट्झवर −०.१८, १० वर −०.७५, १४ वर −१.५, २० वर −३.२. आता आरएमई आणि मे पट्टीने सारखे. बाकी सगळं वेगळं: शिडी विरुद्ध डेल्टा-सिग्मा, प्रतिमा आहेत विरुद्ध नाहीत, किमतीत कित्येक पटींचा फरक.

टाळावर पुन्हा डाव. भाचीला ९. मला ८. मेच्या मालकांना १०. डॉक्टरांना ६.

१६ वरून ९ वर. गोडवा शिडीत नव्हता, उतारात होता.

मेचे मालक बराच वेळ आलेख पाहत बसले. मग म्हणाले, “म्हणजे मला जो आवाज आवडतो तो खरा आहे, फक्त त्याचा पत्ता वेगळा आहे.” अगदी बरोबर. ते हा आवाज भ्रमामुळे पसंत करत नव्हते. सगळ्यांनी न बघता ओळखलेला, मोजता येणारा फरक आहे तो. अशा पसंतीची खिल्ली उडवणारे लोक मला पटत नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार

एक धागा सुटला होता. जोराने मास्टर केलेल्या (तयार करतानाच आवाज कमाल पातळीपर्यंत चढवलेल्या) नव्या चित्रपटगीतांवर गटातल्या एका मित्राचा डॅक (या चौघांतला नाही) कर्कश वाजतो ही त्यांची जुनी तक्रार, आणि नॉसवर तीच गाणी सुसह्य वाटतात. आमच्या डावांत मात्र हा कर्कशपणा कोणालाच भेटला नाही. का?

कारण पातळी जुळवताना प्लेअरमध्ये जवळजवळ ४ डीबी कमी केले होते. नमुने पूर्ण पातळीला टेकलेले असले तरी दोन नमुन्यांमधली खरी लहर त्याहून वर जाऊ शकते. ११.०२५ किलोहर्ट्झचा सूर असा रचता येतो की प्रत्येक नमुना बरोबर पूर्ण पातळीवर आणि मधला माथा ३ डीबी वर. ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर नेमका हाच मधला भाग गणिताने काढतो. त्यात वरती जागा ठेवलेली नसेल तर माथा छाटला जातो आणि करकर येते. बेंचमार्क कंपनीच्या डॅक३ मध्ये यासाठी साडेतीन डीबीची जागा मुद्दाम राखली आहे. नॉस हा मधला भाग काढतच नाही, म्हणून तिथे छाटायचा प्रश्न नाही.

तक्रार असलेल्या मित्राच्या यंत्राला तो सूर दिला, आलेखावर माथा सपाट. प्लेअरचा व्हॉल्यूम ४ डीबी खाली घेतला, माथा गोल झाला. मग त्यांचं नेहमीचं गाणं लावलं आणि तेवढाच आवाज अँप्लिफायरवर वाढवून दिला. बायकोला हाक मारून त्यांनी तेच गाणं पुन्हा लावलं. काहीही विकत न घेता इतका फायदा या संपूर्ण प्रकल्पात दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने झाला नाही, आणि म्हणून ही नोंद ठळक करून ठेवतोय: जोरदार मास्टर असलेल्या फाइल डिजिटलमध्ये ४ डीबी खाली घेऊन वाजवा, मग डॅकबद्दल मत बनवा.

५ जानेवारी २०२५, रविवार

यंत्रं परत करायला सुरुवात. बार्टोक काल गेला, डेव्ह दुपारी जाईल.

मेच्या मालकांना कन्व्होल्व्हरची फाइल पेनड्राइव्हवर दिली. यंत्र ते ठेवणार आहेत, नॉसमध्येच. हेडफोन बदलला की वक्र थोडा सौम्य करून पाहायचा त्यांचा बेत आहे, आणि ते नॉसमध्ये नाही, मे ओव्हरसॅम्पलिंगवर ठेवून या फाइलवरच जमेल. डेव्हच्या मालकांनाही डेव्ह विकायचा नाही. त्याची घडण, व्हॉल्यूम, थेट हेडफोन चालवण्याची ताकद त्यांना हवी आहे. त्यांनी फक्त पुढच्या यंत्रासाठी बाजूला काढलेले पैसे बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांना आणि जाड गालिच्याला लावायचं ठरवलंय.

स्विच बॉक्स भाचीने मागून घेतला. तिने काल कानाजवळ छोटा माइक लावून तोच हेडफोन पाच वेळा काढला-घातला आणि प्रत्येक वेळी पट्टी मोजली. ६ किलोहर्ट्झच्या वर वक्र दर वेळी दोन-तीन डीबींनी सरकला, नॉसच्या उतारापेक्षा जास्त. पॅड झिजलेला असताना हा फरक किती वाढतो हे तिला आता पाहायचंय. जुने पॅड मी शोधून ठेवतो असं सांगितलंय.